बेचाळीस शिखरं, चोवीस तास आणि मधल्या वाटा

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर दोन अटी घातल्या. "तू इंग्लंडात डोंगरात पळतेस म्हणे, त्यावर वीस मिनिटं बोल. आणि सॉफ्टवेअरवर बोलू नकोस." पहिली अट पाळते. दुसरी पूर्ण पाळता येईल असं वाटत नाही, कारण आजच्या विषयात दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. विषय साधा आहे. एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर जायला पाच-सात वाटा दिसत असतील, तर त्यातली चांगली वाट कोणती आणि ती ठरवायची कशी?

आधी जागा सांगते. मी नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडात राहते. तिथून लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख जवळ आहे. तिथल्या डोंगरांना 'फेल' म्हणतात. शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ डोंगरच. त्या डोंगरांवर पळण्याला म्हणतात फेल रनिंग. मी हे पहिल्यांदा आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शाळेत कधी फेल झाली नाहीस, आता या वयात कशाला?"

या फेल रनिंगमधलं सगळ्यात प्रसिद्ध आव्हान म्हणजे बॉब ग्रॅहम राउंड. बॉब ग्रॅहम हा केझिक गावात पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देणारा गृहस्थ. १९३२ च्या जून महिन्यात तो केझिकच्या मूट हॉलसमोरून निघाला, ४२ शिखरं पालथी घातली आणि २४ तासांच्या आत परत तिथेच आला. २३ तास ३९ मिनिटं लागली. पायात टेनिसचे बूट होते आणि अंगात पायजम्याचा सदरा होता असं सांगतात. पुढे २८ वर्षं हे कोणाला जमलं नाही. १९६० मध्ये अ‍ॅलन हीटन यांनी २२ तास १८ मिनिटांत ते केलं. १९७१ मध्ये क्लब स्थापन झाला. १९७७ मध्ये जीन डॉज या पहिल्या महिलेने ते पूर्ण केलं. आजवर दोन हजारांहून जास्त लोकांनी हा फेरा पुरा केला आहे.

आकडे असे आहेत. अंतर सुमारे ६६ मैल, म्हणजे १०६ किलोमीटर. एकूण चढ सुमारे २७,००० फूट, म्हणजे ८,२०० मीटर. नियम थोडे आहेत. मूट हॉलपासून निघायचं, ठरलेल्या ४२ शिखरांना पाय लावायचा, २४ तासांत परत यायचं. क्लबचं सभासदत्व हवं असेल तर प्रत्येक शिखरावर सोबत साक्षीदार हवा. पण दोन शिखरांच्या मधे कुठून जायचं याचा नियम नाही. सगळी गंमत त्या मधल्या जागेत आहे.

आता इंजिनिअरच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो क्रमाचा. ४२ गोष्टी किती क्रमांनी लावता येतात? १ पुढे ५१ शून्यं लिहिली तरी उत्तर त्याहून मोठं आहे. सुदैवाने हा प्रश्न डोंगराने स्वतःच सोडवून ठेवला आहे. शिखरं धारांवर ओळीने बसलेली आहेत, आणि चार ठिकाणी रस्ता लागतो. त्यामुळे पाच टप्पे आपोआप पडतात. केझिक ते थ्रेलकेल्ड ३ शिखरं, थ्रेलकेल्ड ते डनमेल रेझ १२, डनमेल रेझ ते वॉस्डेल १५, वॉस्डेल ते हॉनिस्टर ९, आणि हॉनिस्टर ते परत केझिक ३. झाली ४२. सुलट जा किंवा उलट जा, क्रम साधारण हाच.

मग उरतो तो खरा प्रश्न, जवळची वाट कुठली. आणि इथे 'जवळची' या शब्दाचा अर्थच बदलतो.

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम दिला, तो अजून वापरात आहे. सपाटीला तीन मैलांना एक तास धरा आणि प्रत्येक २,००० फूट चढाला आणखी एक तास. तीन मैल म्हणजे १५,८४० फूट. म्हणजे एक फूट चढ हा साधारण आठ फूट सपाटीइतका पडतो. आता समजा मधे ४० मीटरचा उंचवटा आहे. वरून गेलं तर ४० गुणिले ८, म्हणजे ३२० मीटर सपाट चालल्याइतका खर्च. वळसा घालून जाताना त्याहून कमी अंतर वाढत असेल तर वळसा घ्या. जास्त वाढत असेल तर वरून जा. इतकं सोपं गणित आहे.

हाच नियम पूर्ण फेऱ्याला लावून बघा. ६६ मैलांना २२ तास, २७,००० फुटांना साडेतेरा तास. बेरीज साडेपस्तीस तास, तीही एक क्षण न थांबता. करायचं आहे २४ तासांत. उरलेले साडेअकरा तास कुठून आणायचे? बरेचसे उतारावर आणि गवताळ सपाटीवर पळून. पण त्यालाही मर्यादा आहे. बाकीचे येतात वाटेतून. प्रत्येक शिखरामागे पाच मिनिटं वाया गेली तर ४२ शिखरांना साडेतीन तास होतात. म्हणून हे लोक महिनोन्महिने सुट्टीच्या दिवशी जाऊन एकेक टप्पा पायाखालून घालतात.

समोच्च रेषा वाचायला मी आपल्या शाळेत शिकले. भूगोलाच्या बाईंनी वर्गात बटाटा आणला होता, आडवा कापला होता आणि प्रत्येक चकतीची कड फळ्यावर काढून दाखवली होती. रेषा जवळजवळ असतील तिथे चढ खडा, लांब असतील तिथे सौम्य. बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुमच्या त्या बटाट्यावर मी धुक्यात अनेक डोंगर उतरले आहे.

पण नकाशा काही गोष्टी सांगत नाही. दलदल किती खोल आहे, गवत घोट्याएवढं आहे की गुडघ्याएवढं, दगड पायाखाली स्थिर राहतो की घरंगळतो, हे कागदावर नसतं. माझ्या कामात आम्ही वाटा शोधायला आलेख वापरतो. ठिकाणं म्हणजे बिंदू, वाटा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि प्रत्येक रेषेवर तिचा खर्च लिहिलेला. डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अशा जाळ्यातली सगळ्यात स्वस्त वाट बिनचूक शोधून देते. तुमच्या फोनमधला नकाशा आज सकाळी तुम्हाला शाळेच्या दारापर्यंत घेऊन आला तो याच जातीच्या हिशोबाने. (माफ करा, संयोजक. सॉफ्टवेअरवरचं एवढंच.)

ही पद्धत रेषेवरचा खर्च पक्का धरून चालते. डोंगरात तो पक्का नसतो. एक उदाहरण देते. पहिल्या टप्प्याचं शेवटचं शिखर ब्लेनकॅथ्रा, ८६८ मीटर. तिथून थ्रेलकेल्डला उतरायला हॉल्स फेल नावाची सोंड आहे. ती थेट गावात उतरते, पण वरचा भाग अरुंद धारेचा आहे. शेजारी पूर्वेला डॉडिक फेल नावाची दुसरी सोंड, थोडी लांब पण पायाला सोपी. कोरड्या हवेत हॉल्स फेल सरळ जवळची. पण तिथला दगड स्लेट आहे, पाऊस पडला की साबणासारखा होतो. बरेच लोक रात्री निघतात, म्हणजे हा उतार अंधारातच येतो. तेव्हा डॉडिक जवळची ठरते. डोंगर तोच, धावणारी तीच, नकाशा तोच.

खर्च वेळेप्रमाणेही बदलतो. दुसऱ्या तासाला खडा उतार म्हणजे फुकट मिळालेलं अंतर. पंधराव्या तासाला मांड्या दगड झालेल्या असतात. स्कॅफेलवरून वॉस्डेलला उतरायचं म्हणजे साधारण ८८० मीटर एकदम खाली, आणि खोऱ्यात पोचून चहा घेतला की समोर यूबॅरोचा सरळ उभा चढ. तो उतार ज्याने गुडघे राखून केला तो चढ चढतो. ज्याने पाच मिनिटं वाचवायला घसाऱ्यावरून उड्या मारल्या, तो चढावर वीस मिनिटं देतो. वाट निवडताना पुढच्या डोंगराचाही खर्च आधीच्या वाटेवर लिहावा लागतो.

मग हे सगळं माहीत कोणाला असतं? पहिल्यांदा मेंढ्यांना. तिथे हर्डविक जातीच्या मेंढ्या आहेत. उघड्या डोंगरावर त्यांना कुंपण नसतं, तरी प्रत्येक कळप आपापल्या चराईच्या भागात राहतो, आणि ही ओळख मेंढी आपल्या कोकराला शिकवते. त्यांच्या पायांनी पडलेल्या बारीक वाटांना तिथे ट्रॉड म्हणतात. आपल्याकडची ढोरवाट समजा. ही वाट फुकटचा चढ चढत नाही, दलदलीला बगल देते. ट्रॉड मिळाला की पाय सैल सोडता येतात. मात्र मेंढीला तुमच्या शिखरावर जायचं नसतं. कुठे तिची वाट सोडायची हे कळायला माणूस लागतो.

तसे माणूस म्हणजे जॉस नेलर. वॉस्डेलचे मेंढपाळ. १९७५ मध्ये त्यांनी २४ तासांच्या आत ७२ शिखरं केली. २०२४ मध्ये ते गेले. दुसरे बिली ब्लँड, शेजारच्या बॉरोडेल खोऱ्यातले. त्यांनी १९८२ मध्ये बॉब ग्रॅहम राउंड १३ तास ५३ मिनिटांत केली. हा विक्रम ३६ वर्षं टिकला. तिसऱ्या टप्प्यात रॉसेट पाइकवरून बोफेलवर चढताना डोंगराच्या अंगावरून तिरपी जाणारी एक गवताची पट्टी आहे, तिला धावणारे लोक बिली ब्लँडची रेक म्हणतात. ती सापडली तर सरळ वर. धुक्यात हुकली तर कड्यांच्या पायथ्याशी चाचपडत बसायचं. २०१८ मध्ये किलियन जॉर्ने या कॅटलन धावपटूने १२ तास ५२ मिनिटांत विक्रम मोडला. जगातला अव्वल डोंगरी धावपटू, पण त्या दिवशी प्रत्येक टप्प्यावर त्याच्यासोबत तिथले स्थानिक धावणारे होते. २०२० मध्ये बेथ पॅस्कॉल यांनी १४ तास ३४ मिनिटांत महिलांचा विक्रम केला.

तुमच्यापैकी काही जण मनात विचारत असतील, "तू केलंस का?" पूर्ण फेरा मी केलेला नाही. मी तिसऱ्या टप्प्याची वाटाडी आहे. दुसऱ्याच्या प्रयत्नात डनमेल रेझला सकाळी उभी राहते, आणि १५ शिखरांवरून त्या माणसाला वॉस्डेलपर्यंत नेते. त्याने फक्त पळायचं आणि खायचं. नकाशा, घड्याळ आणि निर्णय माझे.

अशाच एका दिवसाबद्दल सांगते. माझी धावण्यातली एक मैत्रीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, व्यवसायाने परिचारिका. रात्रपाळ्या सांभाळून तिने दोन वर्षं तयारी केली होती. रात्री एक वाजता ती केझिकहून निघाली. दुपारी सव्वादोनच्या पुढे आम्ही स्कॅफेल पाइकवर पोचलो. ९७८ मीटर, इंग्लंडचं सर्वोच्च शिखर. ठरलेल्या वेळेपेक्षा आम्ही २५ मिनिटं मागे होतो. वर दाट धुकं, आणि तासाभरापासून बारीक पाऊस.

पुढचं शिखर स्कॅफेल. सरळ रेषेत जेमतेम सव्वा किलोमीटर. पण मधे मिकलडोर नावाची खिंड आहे, आणि खिंडीच्या पलीकडे कडा उभा आहे. तिथून वर जायला मुख्य वाटा तीन. पहिली ब्रॉड स्टँड. कड्यातूनच थेट वर, सगळ्यात जवळची. दिसायला चार-सहा पायऱ्यांसारखी, पण निसटलात तर खाली काही नाही. इंग्रजी कवी कोलरिज १८०२ च्या ऑगस्टमध्ये इथूनच खाली उतरला होता. पुढच्या काळात तिथे पुष्कळ अपघात झाले. धावणारे लोक वर आधीच दोर लावून ठेवतात. दुसरी वाट लॉर्ड्स रेक, डाव्या-उजव्या कड्यांमधली दगडगोट्यांची नाळ. तिसरी फॉक्सेस टार्न. खिंडीतून दुसऱ्या बाजूला बरंच खाली उतरायचं, ओढ्याच्या घळीतून एका चिमुकल्या तळ्यापर्यंत चढायचं आणि मग घसाऱ्यावरून शिखर. हातातली उंची सोडून परत कमवायची, म्हणून मनाला सगळ्यात जड जाणारी.

ब्रॉड स्टँडवर तिचे दोन मित्र सकाळपासून दोर घेऊन थांबले होते. त्यांचा आवाज धुक्यातून येत होता. कोरड्या हवेत ती वाट आणि फॉक्सेस टार्न यात तिच्या वेगाने १५ मिनिटांचा फरक, हे आम्ही आधी मोजलेलं होतं. मी खडकाला हात लावला. पाणी वाहत होतं. तिच्याकडे बघितलं. तेरा तास चाललेली, बोटं गारठलेली, हरणाऱ्या पोरीसारखी घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, फॉक्सेस टार्न. ती काही बोलली नाही, वळली आणि उतरायला लागली.

ती मूट हॉलला पोचली तेव्हा २४ तास ११ मिनिटं झाली होती.

११ आणि १५. ही वजाबाकी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने मनात केली. एकाने ती मोठ्याने केली. पुढचे काही आठवडे मीही हा हिशोब पुन्हा पुन्हा मांडून बघितला, आणि दर वेळी त्याच उत्तरावर आले. त्या खिंडीत जे माहीत होतं त्यावर तो निर्णय बरोबर होता, आजही मी तोच घेईन. १५ मिनिटांचा फरक कोरड्या खडकाचा होता. ओल्या खडकावर, गारठलेल्या हातांनी, दोर बांधून-सोडून तो किती उरला असता हे कोणी मोजलेलं नव्हतं. आणि घसरली असती तर तिला खाली न्यायला आली असती ती बचाव पथकाची माणसं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये हे काम स्वयंसेवक करतात. हातातलं काम टाकून ओल्या डोंगरावर येतात. त्यांचाही खर्च वाटेवर लिहायला हवा.

निकाल कळल्यावर वाट तपासणं सोपं असतं. आमच्या धंद्यातही असंच चालतं. सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सगळेच शहाणे असतात. चांगली बैठक एकच प्रश्न विचारते, त्या वेळी त्या माणसाला काय काय माहीत होतं? मी डोंगराच्या बाबतीत हीच शिस्त ठेवते. निर्णय घेताना काय दिसत होतं ते त्याच रात्री वहीत लिहायचं, निकाल त्याच्या खाली वेगळा लिहायचा.

मैत्रिणीने मला एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी जूनमध्ये कोणता शनिवार मोकळा आहे?" पुढच्या वर्षी आम्ही त्याच खिंडीत उभ्या होतो. आभाळ स्वच्छ, खडक उन्हात तापलेला. मी म्हटलं, ब्रॉड स्टँड. ती दोर लावून चढली आणि २३ तास ३४ मिनिटांत पोचली. तीच खिंड, तीच बाई, दोन वर्षांत दोन वाटा. मला विचाराल तर दोन्ही बरोबर.

आता एक गोष्ट जी मला अजून सुटलेली नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळात त्या दिवसाची सगळी वाट नोंदलेली आहे. ती फाइल कोणालाही पाठवता येते. लोक मागतातही. मी माझ्या मंडळींना देते, पण उघड्यावर टाकत नाही. याला कारणं आहेत. सगळ्यांच्या घड्याळात एकच रेष आली की सगळे त्याच रेषेवरून जातात, आणि जिथे मेंढीच्या पायाएवढी वाट होती तिथे काही वर्षांत चिखलाचा पट्टा होतो. दगडी कुंपणं शेतकऱ्यांनी हाताने रचलेली असतात. फाटकाने न जाता सरळ रेषेत कुंपणावरून चढणाऱ्याला वाटतं, आपण अर्धं मिनिट कमावलं. ते शेतकऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं. शिवाय फाइल सांगते मी कुठून गेले. का गेले, त्या दिवशी खडक कसा होता, कुठे वाट सोडायची नाही, हे ती सांगत नाही. उलट बाजूही खरी आहे. मी परक्या देशातून आलेली, ओळखीपाळखी नसलेली बाई. कोणी वाट दाखवली नसती तर मी कुठे शिकले असते? ज्याच्या ओळखी नाहीत त्याला फाइल हाच आधार असतो. म्हणून सध्या मी असं करते. कोणी फाइल मागितली की म्हणते, रविवारी ये, पाठवते म्हणण्यापेक्षा दाखवते. आतापर्यंत जे आले त्यांच्यातले तिघं आज स्वतः वाटाडे आहेत.

शेवटचं, कामाचं. उद्या सकाळी सहाला आपण अजिंक्यताऱ्यावर जाणार आहोत, आणि संयोजकांनी वाट ठरवायचं काम माझ्यावर टाकलं आहे. गुडघ्यांची चौकशी मी काल रात्री जेवताना गुपचूप करून ठेवली आहे. त्यावरून ठरवलं आहे की जाताना गाडीरस्त्याने जायचं, सरळ चढाने नाही. ज्यांना यवतेश्वरच्या घाटात पळायची सवय आहे त्यांनी कृपा करून सगळ्यात मागे चालावं. सर आणि बाई आपल्यासोबत पहिल्या वळणापर्यंत येणार आहेत, तिथे दहा मिनिटं थांबू. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी. पाऊस आला तर वाट बदलेल, आणि ती मी तिथेच सांगेन.